जीपचे दोन वारस

मराठीत काही परभाषी शब्द असे रुळले, की त्यांचा मूळ धनी कोण याची चौकशी करण्याची गरज कोणास वाटली नाही. 'जीप' हा त्यांपैकी एक. तहसीलदारांची जीप, निवडणुकीची जीप, जत्रेच्या आदल्या दिवशी घाटावरून पाहुणे घेऊन येणारी जीप. ती कोणत्या कारखान्यात झाली आणि तिच्या कपाळावर कोणाचे नाव आहे, हे आपण कधी विचारले नाही. उघड्या अंगाची, उंच चाकांची, चिखलाला न भिणारी गाडी दिसली की ती जीप, एवढेच आपले व्याकरण. परंतु हे नाव कायद्याने एका कंपनीच्या मालकीचे आहे, आणि त्या कंपनीने २०१७ पासून ते नाव लावलेली गाडी पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे बांधावयास घेतली. उलट, जिला आपण दोन पिढ्या जीप म्हणत आलो तिचा अंगापिंडाने खरा वंशज नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडतो, आणि त्यास मात्र जीप म्हणवून घेण्याचा अधिकार नाही. घराण्याच्या वाटणीत देवाची मूर्ती एका भावाकडे जावी आणि उत्सवाचा मान दुसऱ्याकडे राहावा, तसा हा प्रकार आहे. महाजनकीचे वाद ऐकत वाढलेल्या आमच्या वाचकांस तो समजावयास कठीण जाऊ नये.

रांजणगावचे नाव आपल्या कानी प्रथम आले ते अष्टविनायकांतील महागणपतीमुळे. त्रिपुरासुराशी युद्ध करताना शंकरास यश येईना, तेव्हा त्याने गणपतीची आराधना केली आणि मग त्रिपुराचा संहार केला, अशी तेथील स्थळकथा आहे. त्या युद्धातील शिवाच्या रथाचे पुराणांनी वर्णन केले आहे: पृथ्वी हाच रथ, सूर्य आणि चंद्र ही चाके, सारथी ब्रह्मदेव. तमिळनाडूतील अचरपाक्कम या क्षेत्री याच कथेचा निराळा पाठ सांगतात. गणेशाचे स्मरण करावयाचे राहून गेले म्हणून त्या रथाचा आसच मोडला, आणि मोडलेल्या आसावरूनच गावास नाव पडले, असा तो पाठ. मोटारींच्या कारखान्यासाठी रांजणगावची औद्योगिक वसाहत निवडणाऱ्यांस ही कथा ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तरीही चाक आणि आस यांची हकिगत सांगावयाची, तर याहून योग्य गाव आम्हांस सुचत नाही.

रथाचे चाक आणि मोटारीचे चाक यांत एक मोठा भेद आहे. रथ माणसे दोराने ओढतात. चाक बिचारे नुसते लोळते. मोटारीस पुढून ओढणारा कोणी नसतो. तिचे चाकच जमिनीस मागे रेटते आणि त्या रेट्याने गाडी पुढे सरकते. म्हणून चाकाखालची जमीन निसरडी झाली, तरी ओढणाऱ्यांचे पाय रोवलेले असले म्हणजे रथाचे भागते. मोटारीचे मात्र सर्वस्व जाते. त्यातही सामान्य मोटारीत इंजिनाचा जोर चारांपैकी दोनच चाकांना मिळतो. त्या दोन चाकांमध्ये, वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर तोडता यावे म्हणून, डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची जोडणी असते. तिचा स्वभाव असा, की ज्या चाकाला अडथळा कमी ते चाक वेगाने फिरावयाचे आणि दुसरे मुकाट उभे राहावयाचे. पावसाळ्यात हा देखावा आम्ही कितीदा तरी पाहिला आहे: एक चाक चिखलात भिरभिरत आहे, चिखल मागून ढकलणाऱ्यांच्या धोतरांवर उडत आहे, आणि गाडी तसूभर हलत नाही. महारथ रुतला म्हणजे आपण काय करतो? दोर ओढणाऱ्यांवर भिस्त न ठेवता प्रत्येक चाकाशी माणूस उभा करतो, पहार घालतो, खांदा लावतो. चारही चाकांना जोर देण्याची कल्पना म्हणजे हेच काम इंजिनाकडून करवून घेणे होय.

ही कल्पना जीपपेक्षा बरीच जुनी आहे. हॉलंडमधील स्पायकर बंधूंनी १९०३ मध्येच चारही चाके चालविणारी, सहा सिलिंडरांची पेट्रोल गाडी बांधली होती. परंतु ती नवलाचीच वस्तू राहिली. त्या कल्पनेस घराघरांत नेऊन पोहोचविले ते युद्धाने.

१९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या सैन्याने १३५ कारखानदारांस पत्रे धाडली. मागणी होती हलक्या, चारही चाकांना जोर असलेल्या टेहळणीच्या गाडीची. वजन १३०० पौंड असावे आणि नमुना ४९ दिवसांत हजर करावा. मुदत पाळण्यास तयार झाला एकच, पेनसिल्व्हेनियातील बटलर गावचा बँटम हा डबघाईस आलेला छोटा कारखाना. त्याने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यास बोलाविले. प्रॉब्स्टने दोन दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी नमुना मेरीलँडमधील होलाबर्डच्या तळावर उभा राहिला. वजनाची अट मात्र कोणालाच साधणारी नव्हती. ती पुढे सैन्याला सैल करावी लागली. बँटमचे आराखडे सरकारने विलीज आणि फोर्ड यांना दाखविले, त्यांनीही आपापल्या गाड्या केल्या, आणि अखेरीस मोठे कंत्राट मिळाले विलीजला, कारण बार्नी रूस या त्यांच्या अभियंत्याने सिद्ध केलेले इंजिन इतरांपेक्षा दमदार होते. फोर्डनेही त्याच नमुन्याबरहुकूम गाड्या बांधल्या. दोघांच्या मिळून सहा लक्षांहून अधिक गाड्या युद्धकाळात निघाल्या. ज्याने पहिली गाडी केली तो बँटम ट्रेलर जोडीत राहिला आणि विस्मृतीत गेला. इतिहासात असे नेहमी घडते, म्हणून त्यात अन्याय नाही असे मात्र आम्हांस म्हणवत नाही.

त्या मूळ गाडीची अंगे पुढील कथेसाठी ध्यानात ठेवावी लागतील. लांबी सुमारे सव्वातीन मीटर, वजन सुमारे ११०० किलो. इंजिन पेट्रोलचे, २१९९ सीसी, ६० अश्वशक्तीचे. खाली शिडीसारखी लोखंडी चौकट, तिच्यावर पत्र्याचे अंग, पुढे-मागे अखंड आस आणि कमानपाटे. चालकाच्या उजव्या हाताशी गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे. एकाने पुढची चाके जोडावयाची. दुसऱ्याने चाल मंद करून जोर जवळजवळ दुप्पट करावयाचा. पहिला गिअर, हा मंद गिअर आणि आसातील दंतचक्रे यांचा गुणाकार केला तर इंजिनाचे साडेपंचवीस फेरे होतात तेव्हा चाक एकदा फिरते. म्हणजे गाडी बैलाच्या चालीने, परंतु हत्तीच्या जोराने चढते. या सोयीत एक दोषही होता. पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी घट्ट जोडला गेल्यावर वळणात दोहोंना निरनिराळे अंतर तोडावे लागते. चिखलात चाके किंचित घसरून ते जुळवून घेतात, पण कोरड्या डांबरी रस्त्यावर सारी यंत्रणा पिळली जाते. म्हणून पक्क्या रस्त्यावर आल्यावर दांडा काढावयाचा, ही चालकाची विद्या. केव्हा घालावयाचा व केव्हा काढावयाचा, हे ज्यास उमगे तोच खरा जीपवाला.

ही गाडी आपल्याकडे आली ती मुंबईच्या मार्गाने. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या बंधूंनी गुलाम महंमद यांच्यासह 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. कैलाशचंद्र युद्धकाळात अमेरिकेत होते, आणि तेथे त्यांची बार्नी रूसशी गाठ पडली, अशी आठवण त्या घराण्याच्या इतिहासात सांगतात. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच माझगाव येथे विलीजच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. पेट्यांतून सुटे भाग यावयाचे, येथे बोल्ट आवळावयाचे. त्याच सुमारास, १९४८ मध्ये, लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयामार्फत सैन्यासाठी जुन्या जीपा मागविण्यात आल्या, पैकी १५५ पोहोचल्या आणि त्याही निरुपयोगी ठरल्या. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला खरेदी-घोटाळाही जीपांचाच, हे या गाडीच्या कुंडलीतले एक विचित्र स्थान म्हणावयाचे. असो.

पुढे भाग हळूहळू येथेच घडू लागले आणि अमेरिकेत जुनी ठरलेली जीप मुंबईत जन्म घेत राहिली. तिच्यात झालेला सर्वांत मोठा बदल इंधनाचा. मूळ जीप पेट्रोलची. आपली जीप मात्र डिझेलची म्हणूनच सर्वांच्या स्मरणात आहे. १९७९ मध्ये महिंद्रांनी प्यूजो या फ्रेंच कंपनीकडून २११२ सीसीचे डिझेल इंजिन बनविण्याचा परवाना घेतला. कारण उघड होते. सरकार डिझेलचा दर दाबून ठेवीत असे, आणि दिवसाकाठी शंभर मैल तुडविणाऱ्यास त्या फरकात संसार चालविता येई. हे दरनियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठले.

परंतु स्वस्ताई हे डिझेलच्या बाजूचे एकच कारण नव्हे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांच्या मिश्रणास ठिणगी लावतात. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये ऑग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात ठिणगीच नाही. नुसती हवा इतकी दाबावयाची की ती तापून उठते, आणि त्या तप्त हवेत इंधन फवारताच ते आपोआप पेटते. विलीजच्या इंजिनात मिश्रण साडेसहा पट दाबले जाई. रांजणगावच्या डिझेलमध्ये हवा साडेसोळा पट दाबली जाते. अधिक दाब म्हणजे त्याच थेंबातून अधिक काम, आणि तेही इंजिन संथ फिरत असताना. घाटात गाडी गुरगुरत चढते ती या गुणावर. दोष म्हणजे धूर, कंपने आणि आवाज. तो दोष सौम्य केला इटलीतील फियाटच्या संशोधकांनी. सर्व सिलिंडरांसाठी एकच नळी, तिच्यात सदैव प्रचंड दाबाखाली इंधन, आणि विजेने उघडणाऱ्या फवाऱ्यांतून ते नेमक्या क्षणी सोडावयाचे, ही 'कॉमन रेल' पद्धती त्यांनी विकसित केली. १९९४ मध्ये पुढील काम बॉशकडे गेले आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या गाडीत ती प्रथम बाजारात आली. २००३ मध्ये त्याच घराण्याने एका स्फोटासाठी लागणारे इंधन अनेक लहान फवाऱ्यांत विभागणारे 'मल्टिजेट' इंजिन आणले. या मालिकेतील १.३ लिटरचे धाकटे भावंड भारतात इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसले, की लोक त्यास थट्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणत.

इकडे अमेरिकेत जीपचे नाव घरोघरी फिरत होते. विलीजकडून १९५३ मध्ये कैसरकडे, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सकडे, १९८७ मध्ये क्रायस्लरकडे. मग जर्मन डाइमलर, मग इटालियन फियाट, आणि २०२१ पासून स्टेलांटिस. इतक्या घरी नांदलेल्या नावाचा स्वभाव पालटला नसता तरच नवल. १९८४ च्या चेरोकी या गाडीत शिडीची चौकट गेली आणि अंग व चौकट एकजीव असलेली हलकी बांधणी आली. युरोपसाठी तिच्यात रेनॉचे डिझेल इंजिनही बसविले गेले. लहान बांधा, डिझेल आणि चारही चाकांना जोर, ही त्रयी जीपच्या नावाखाली नांदू लागली ती येथपासून.

रांजणगावी १ जून २०१७ रोजी जिची बांधणी सुरू झाली ती कंपास याच शाखेची. ब्राझील, मेक्सिको आणि चीन यांच्याबरोबर ही गाडी बांधणारे ते चौथे ठिकाण, आणि जपान व ऑस्ट्रेलिया यांसारख्या, उजवीकडे सुकाणू असणाऱ्या देशांस गाड्या पाठविण्याचे काम त्याच्याकडे आले. माझगावी पेट्या उतरत, रांजणगावाहून गाड्या जहाजावर चढू लागल्या. या फेऱ्यास सत्तर वर्षे लागली. तिची लांबी ४३९५ मिलिमीटर, दोन आसांतील अंतर २६३६ मिलिमीटर. जगाच्या हिशेबी ही 'कॉम्पॅक्ट', म्हणजे आटोपशीर गाडी. चार मीटरांच्या आतील गाडीस करसवलत देणाऱ्या आपल्या देशात मात्र ती मोठीच ठरते. वजन दीड टनाच्या वर. इंजिन १९५६ सीसीचे, म्हणजे विलीजपेक्षा लहान. पण शक्ती १७३ अश्वशक्ती आणि पीळ ३५० न्यूटन-मीटर, तोही १७५० फेऱ्यांपासून. विलीजचा पीळ १४२ होता. ही क्षमता दोन हजार सीसीच्या आत राहिली याचे मोल लहान नव्हते. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन हजार सीसी व त्यावरील डिझेल मोटारींची नोंदणी थांबविली होती, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण अधिभार लावून ती पुन्हा खुली केली. डिझेलच्या धुरावर न्यायालयाची नजर वळली ती कायमची.

चार चाकांचा प्रकार मात्र पुरता बदलला आहे. कंपासमध्ये इंजिन आडवे बसते आणि नेहमी पुढचीच चाके चालतात. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दंड एरवी थांबलेला असतो, म्हणजे तो फुकट फिरविण्यात इंधन जात नाही. पुढचे चाक घसरू लागल्याचे संवेदकांनी कळविले की क्षणार्धात दंड जोडला जातो, मागच्या आसाजवळचा पट्ट्यांचा क्लच घट्ट होतो आणि जोर मागे जातो. एखादे चाक अधांतरी भिरभिरले तर त्याच्यापुरता ब्रेक दाबून जोर दुसऱ्याकडे वळविला जातो. डिफरन्शियलच्या त्या जुन्या खोडीवर हा उपाय नामी आहे. क्लच सरकू शकत असल्याने डांबरी रस्त्यावर यंत्रणा पिळलीही जात नाही. चालकाने एक गोल चकती फिरवून बर्फ, वाळू किंवा चिखल एवढे सांगावयाचे. २०१९ मध्ये आलेल्या ट्रेलहॉक या प्रकारात खडकाळ वाटेचीही सोय झाली, नऊ गिअरांची स्वयंचलित पेटी आली आणि ४८० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची हमी मिळाली. परंतु तिच्यातही मंद चालीचा स्वतंत्र गिअर नाही. पहिला गिअरच फार खालचा ठेवून ते काम भागविले आहे. गुणाकार वीस. १९४१ च्या जीपचा साडेपंचवीस होता, हे वाचकांनी पुन्हा आठवावे. आणि पुष्कळ ग्राहक ही गाडी घेतात ती दोनच चाके चालणारी.

आता दुसऱ्या वारसाकडे वळू. महिंद्रांची थार २०१० मध्ये आली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तिचे नवे रूप नाशिकहून निघाले. लांबी ३९८५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरांच्या आत, २.२ लिटरचे डिझेल, १३० अश्वशक्ती. ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता. शिडीची चौकट तीच, मंद चालीचा गिअर स्वतंत्र, आणि तो घालण्यास हाताशी दांडा. तिच्यातही सारे पूर्वीचे उरले आहे असे नव्हे. कमानपाटे गेले, अखंड पुढचा आस गेला, आणि जानेवारी २०२३ पासून दोन चाकांवर चालणारी थारही विकली जाऊ लागली. तरी विलीजच्या चालकास डोळे बांधून हिच्यात बसविले तर तो काही वेळाने ओळख देईल, असे आम्हांस वाटते.

दोन्ही वारसांची गाठ पडली ती परक्या दारात. महिंद्रांनी मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत रॉक्सर नावाची डिझेल गाडी आणली. ती सडकेसाठी नव्हती, शेता-रानांत वापरावयाची होती, आणि रूपाने थेट जुनी जीप होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जीपच्या मालकांनी तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली, की हे आमच्या गाडीच्या रूपाचे अपहरण आहे. त्यांनी जीपचे रूप सहा लक्षणांत मांडले होते: सपाट उभ्या बाजूंचे चौकोनी अंग, पुढे निमुळते होत गेलेले सपाट बॉनेट, कोनदार चाकघरे, उभ्या फटींची सपाट जाळी व गोल दिवे, बॉनेटच्या बाहेरच्या कड्या आणि दारांच्या जागी खाली उतरलेला काप. जून २०२० मध्ये आयोगाने तक्रार मान्य करून त्या रूपातील रॉक्सरची विक्री रोखली. महिंद्रांनी रूप बदलल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस नवे रूप निर्दोष ठरविले. कायद्याचा निकाल आम्ही डोक्यावर धरतो. परंतु तीच सहा लक्षणे घेऊन एखाद्याने रांजणगावी जावे आणि तेथून निघणारी कंपास तपासावी. कोनदार चाकघरे सापडतील, जाळीतल्या सात फटी सापडतील. बाहेरच्या कड्या नाहीत, उघडी दारे नाहीत, उभे चौकोनी अंग नाही. त्या सात फटीही मूळच्या नव्हेत. युद्धातील जीपला नऊ होत्या, सात आल्या त्या १९४५ च्या नागरी गाडीस. आमच्या मते नाव रांजणगावी आहे, आणि रूप व दांडा नाशकात.

या वाटणीचा वाद आणखी किती काळ अर्थपूर्ण राहील, हाही प्रश्नच आहे. २०२३ मध्ये धुराचे नियम कडक झाले तेव्हा भारतातील कंपासचे पेट्रोल इंजिन बंद झाले आणि केवळ डिझेल उरले. २०२५ मध्ये युरोपसाठी इटलीतील मेल्फी येथे जी नवी कंपास आली तिच्यात डिझेल नाहीच. तिच्या विजेवर चालणाऱ्या प्रकारात चारही चाकांना जोर हवा असेल तर मागच्या आसावर दुसरी मोटर बसवितात. मधला लांब दंड नाही, जोडणारा क्लच नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांत नाते उरते ते तारेचे. टाटांनीही जून २०२५ मध्ये हॅरियरचा असाच दोन मोटरींचा प्रकार आणला. डिझेलवरील हॅरियरमध्ये कंपासचेच १९५६ सीसीचे इंजिन होते, पण तिची मागची चाके कधी चालली नव्हती. इंजिन गेले तेव्हा ती चालू लागली. नाशिकच्या गाडीत मात्र गिअरशेजारचा तो आखूड दांडा अजून हाताला लागतो. त्याच्या डोक्यावर दोन चाके, चार चाके, मोकळा आणि मंद चाल या चार जागांच्या खुणा कोरलेल्या असतात.